यंत्राच्या आधी यादी बघा

निवडणुकीबद्दलच्या विरोधकांच्या तक्रारी म्हणजे 'हरण्याआधीच शोधून ठेवलेली सबब', हे त्या तक्रारींवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. लेखकांनी सगळा भर ईव्हीएमवर दिलाय. मतपत्रिकांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली, ते मान्य. पण मतदार यादीचं काय? आमच्या देवगडकडे खरा घोळ तिथेच आहे.

शेजारच्या काकू पावसाळ्यात लेकाकडे डोंबिवलीला जातात आणि दिवाळीच्या आधी परत येतात. मतदार यादीच्या चौकशीला आलेल्याला घराला कुलूप दिसलं, 'स्थलांतरित' म्हणून नाव उडालं. कळलं कधी, तर ओळखपत्र हातात घेऊन मतदान केंद्रावर उभ्या असताना! तेव्हा कोणीच काही करू शकत नाही, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव घालता येत नाही. गावात आणि मुंबईत दोन्हीकडे नाव असलेले चाकरमानीही आहेत, आणि तेही कायद्याने चूकच. ती नावं जरूर काढा, पण नोटीस देऊन, घरच्यांना विचारून. बिहारमध्ये मतदार यादीच्या फेरतपासणीत मसुदा यादीतून वगळलेली सुमारे ६५ लाख नावं कारणांसह जाहीर झाली ती ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावरच. इथे तशी यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी लागली पाहिजे. ही मागणी कुठल्याही पक्षाने करू दे, मी तिच्या बाजूने आहे.