पाटल्यांच्या लिलावाबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार. आईच्या चांदीच्या पाटल्या ऑनलाइन लिलावाला दिल्या, दुकानाने वर्णनात कथलाचा टाका दाखवला, पॉलिश केलं नाही, अँटिक लिहिलं नाही, म्हणून मोडीपेक्षा जेमतेम जास्त पैसे आले, असं तुम्ही लिहिलंय. पैसे कमी आले हे कबूल. पण तुम्ही सांगता त्या कारणांनी नाही.

चूक आमच्या मथळ्यात होती. "जुन्या चांदीच्या सुंदर पाटल्या" एवढंच टाकलं. सुंदर हा शब्द कोणी शोधत नाही, पुण्या-नागपूरचं गिऱ्हाईक "चांदी पाटल्या 2.6" टाकून शोधतं. पाहिजे होतं असं: "चांदीच्या भरीव पाटल्या, जोडी, 118.4 ग्रॅम, साईज 2.6". खाली आतला व्यास 60.3 मिलिमीटर, हेही हवं होतं. कारण 2.6 म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश. बरेच जण ते दशांश समजून 66 मिलिमीटर धरतात, मग पाटली हातात जात नाही आणि माल परत येतो.

फोटोही लाल मखमलीवर काढले. चांदी आजूबाजूचा रंग ओढते, त्यामुळे पाटल्या तांबूस दिसल्या. पांढरा कागद, ओसरीतली सावली आणि मापासाठी शेजारी दहाचं नाणं (27 मिलिमीटर) एवढ्यात काम झालं असतं. त्यात लिलाव बंद झाला गुरुवारी दुपारी 2 ला. खरी बोली शेवटच्या काही मिनिटांत चढते, आणि त्या वेळी लोक कामावर असतात.

आता टाक्याचं. एका पाटलीला सांध्याजवळ कथलाचा टाका आहे, करडा, गव्हाच्या दाण्याएवढा. तो झाकून विकला असता तर पार्सल परत आलं असतं आणि दोन्हीकडचं भाडं तुमच्या अंगावर पडलं असतं. असा दागिना टाका माहीत नसताना तापवला तर कथील चांदीत उतरून तिला खड्डे पाडतं. नक्षीदार पाटल्यांना असा टाका असला तरी गिऱ्हाईक पळत नाही, फक्त तो जवळून दिसला पाहिजे. आम्ही तो लिहिला, पण फोटो दिला नाही. माणूस मग जास्तच वाईट धरून चालतो.

पॉलिश मुद्दाम केलं नाही. वेलबुट्टीच्या खाचांतला काळेपणा आहे म्हणून नक्षी उठून दिसते. बफ फिरवला की कडा गोल होतात, आणि त्या परत आणता येत नाहीत. रिठ्याच्या पाण्याने धुणं पुरे.

अँटिक शब्दाला तर आम्ही हातच लावत नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची अट आहे आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. पाटल्यांचं वय सिद्ध करणारं काही नव्हतं, म्हणून "जुनी घडण" लिहिलं. 925 (म्हणजे 92.5 टक्के शुद्ध चांदी) हेही त्याचमुळे लिहिलं नाही: शिक्का नाही, आणि जुन्या चांदीचा वरचा थर आतल्यापेक्षा शुद्ध असतो, म्हणून शुद्धता मोजणाऱ्या मशीनचा आकडा फुगतो.

पाटल्यांवरची दलाली परत करतो. तुमचा करदोडा अजून आमच्याकडे आहे. तो नव्या मथळ्याने लावतो, रविवारी रात्री 9 ला बंद होईल असा. अडकवायच्या आकड्याजवळ झिजलाय, ते लिहीन आणि फोटोही देईन. पटत नसेल तर बाजाराच्या दिवशी येऊन घेऊन जा.