सीबीनॅट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाहीच?

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर बहुतेकांनी पाहिला असेल: 'सीबीनॅट म्हणजे शंभर टक्के खात्री. निगेटिव्ह आली की विषय संपला. खोकला असो-नसो, सगळ्यांनी वर्षातून एकदा करा. औषधं संपल्यावर पुन्हा करून टीबी गेला का बघा.'

सीबीनॅट म्हणजे बेडक्यासारख्या नमुन्यात टीबीच्या जंतूचा डीएनए मशीनवर शोधणारी तपासणी. ती उत्तम आहे, यात वाद नाही. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली ती उगाच नाही. पण 'शंभर टक्के'?

अशी तपासणी जोखतात ती कल्चरशी ताडून, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत खरोखर वाढतात का ते पाहून. त्या कसोटीवर मूळची सीबीनॅट फुप्फुसाच्या टीबीचे 100 पैकी साधारण 85 रुग्ण पकडते. आणि हे 85 सुद्धा फसवे आहेत. ज्यांच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतातच, त्यांच्यात ती 98 जण पकडते. जिथे दिसत नाहीत, तिथे 67. म्हणजे जिथे तिची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती तीनातल्या एकाला सोडते. छातीत साचलेल्या पाण्याच्या नमुन्यात तर निम्मेच सापडतात. त्यातून डबीत बेडक्याऐवजी नुसती थुंकी गेली, तर मशीन बिचारं काय करणार? त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट हातात असतानाही एक्स-रे आणि लक्षणं बघून डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात किंवा औषधं सुरू करतात, तेव्हा त्यांना लुटारू ठरवू नका.

'सगळ्यांनी करा' हे ऐकायला छान. जरा हिशेब मांडू. 1000 जणांत 10 जणांना टीबी आहे असं धरा. त्यातले आठ-नऊ सापडतील. उरलेल्या 990 निरोग्यांपैकी दोन टक्के, म्हणजे वीसेक जण, चुकून पॉझिटिव्ह येतील. पॉझिटिव्हांत निरोगीच जास्त! तीच तपासणी, तेच मशीन. फक्त माणसं निवडली नाहीत.

औषधं संपल्यावरचा सल्ला सरळ चूक आहे. सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधते, आणि मेलेल्या जंतूचाही डीएनए बराच काळ उरतो. बरा झालेला माणूस पॉझिटिव्ह येऊन हादरतो. उपचारांवर लक्ष ठेवायला बेडक्याची साधी सूक्ष्मदर्शक तपासणी आणि कल्चर लागतं. कल्चरमध्ये जिवंत जंतूच वाढतो.

याच मेसेजच्या एका लांबट आवृत्तीत आणखी एक वाक्य असतं: 'रिपोर्टमध्ये रेझिस्टन्स नाही, म्हणजे सगळी औषधं लागू पडणार.' रेझिस्टन्स म्हणजे जंतूने औषधाला दाद न देणं. नेहमीची सीबीनॅट टीबीच्या एकाच औषधाचा, रिफाम्पिसिनचा रेझिस्टन्स पाहते. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधासाठी वेगळी तपासणी, उदाहरणार्थ एलपीए (लाइन प्रोब ॲसे), लागते. रिफाम्पिसिनसाठीही ती जंतूच्या आरपीओबी जनुकाचा (ज्यातल्या बदलामुळे हा रेझिस्टन्स येतो) ठरावीक तुकडाच वाचते. आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये (आताचं इस्वातिनी) 2009 च्या सर्वेक्षणात एमडीआर टीबीच्या (रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना दाद न देणाऱ्या) सुमारे 30 टक्के जंतूंमधला बदल नेमका त्या तुकड्याबाहेर निघाला. मशीनच्या लेखी त्या सगळ्यांवर रिफाम्पिसिन लागू पडत होतं.