युनियनला शिव्या घालताय? आधी विम कॉकबद्दल ऐका

आज इथे नेदरलँड्समध्ये रेल्वे कामगारांचा संप, त्यामुळे गाड्या बंद होत्या. त्रास झाला, नाही कशाला म्हणू? दिवसभराच्या मीटिंगा स्वयंपाकघरातून केल्या, मागे कुकरच्या शिट्ट्या. पण दुपारी इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर एका दादांनी लिहिलं, "युनियन म्हणजे कीड. मुंबईच्या गिरण्या यांनीच खाल्ल्या, आता इथेही तेच." खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

दादा, बुधवारी शाळा दुपारी सुटते म्हणून तुम्ही चार दिवसांचा आठवडा मागितलात आणि तो मिळाला. साहेब देवमाणूस आहे म्हणून नव्हे हो. कामाचे तास कमी करून मागायचा हक्क देणारा कायदा इथे 2000 साली आला, सबळ कारण असल्याशिवाय मालकाला नाही म्हणता येत नाही. तेव्हा पंतप्रधान होते विम कॉक. बेर्खआम्बाख्त नावाच्या गावातल्या सुताराचा मुलगा, व्यापारव्यवहाराचं शिक्षण घेतलेला, आणि हयातीची उमेदीची वर्षं युनियनमध्ये घालवलेला माणूस.

आणि गिरण्यांचं काढलंतच तर तारखा बघा. मुंबईत डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला इथे वासेनार करार झाला. बेकारी दहा टक्क्यांच्या वर चढलेली, कारखाने बंद पडताहेत, नवं सरकार पगार गोठवायची धमकी देतंय. तेव्हा एफएनव्ही या कामगार महासंघाचे अध्यक्ष कॉक आणि मालकांच्या संघटनेचे क्रिस फान फेन यांनी तोड काढली. युनियनने पगारवाढीचा हट्ट सोडायचा, मालकांनी कामाचे तास कमी करायचे, म्हणजे काम जास्त लोकांत वाटलं जाईल. वासेनारला फान फेन यांच्या घरी बसून हे ठरलं. घरी! आणि मुंबईत? कायद्याने मान्यता एकाच संघाला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, मग अडीच लाख कामगार डॉ. सामंतांच्या मागे उभे असले तरी मालक त्यांच्याशी बोलायलाच तयार नाहीत. बोलायला समोर कुणी नसेल तर करार भिंतीशी करायचा का? सामंतांनी ताणून धरलं, हे मान्य. पण गिरण्या "यांनीच खाल्ल्या" म्हणताना त्या जमिनींवरचे टॉवर कुणाचे, तेही एकदा बघून या.

बरं, कॉक काही संत नव्हते. आमच्या शेजारी एक ओपा, म्हणजे डच आजोबा, राहतात. गोदीत वेल्डर होते, पाठ गेली तशी अपंगत्वाच्या भत्त्यावर आले. 1977 मध्ये महागाईप्रमाणे पगार आपोआप वाढायची सोय टिकवायला कॉकनी देशभर संप घडवले, त्यात हे होते. पाच वर्षांनी वासेनारला त्याच सोयीवर कॉकनीच पाणी सोडलं. ओपा म्हणतात, तेव्हा राग आला, पण कळत होतं.

1991 मात्र त्यांना अजून गिळता येत नाही. कॉक तेव्हा अर्थमंत्री, आणि सरकारनं अपंगत्वाच्या भत्त्यालाच कात्री लावली. सप्टेंबरात द हेगला सुमारे अडीच लाख लोक जमले. ओपा कमरेला पट्टा बांधून गेले होते, आपल्याच माणसाविरुद्ध घोषणा द्यायला. पुढे पन्नाशीच्या आतल्या सगळ्यांची फेरतपासणी निघाली. डॉक्टरनं यांना वाकायला लावलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, तुम्ही पार्किंगच्या केबिनमध्ये बसून काम करू शकता. तशी नोकरी रिकामी होती का? नव्हती. भत्ता मात्र कमी झाला.

मी विचारलं, मग 1994 ला मत कुणाला दिलंत?

"कॉकला. दुसरं कोण होतं?"

हे ऐकून मी गप्पच बसले. त्या निवडणुकीत कॉकचा मजूर पक्ष 49 जागांवरून 37 वर आला, पण ख्रिस्ती लोकशाहीवाले त्याहून जास्त आपटले आणि कॉक पंतप्रधान झाले. उजव्या उदारमतवाद्यांना सोबत घेऊन आठ वर्षं टिकले. 1995 मध्ये भाषणात म्हणाले की विचारसरणीची पिसं झटकली की मोकळं वाटतं. तुम्हाला मोकळं वाटलं साहेब, ओपांना थंडी वाजली त्याचं काय?

त्याच वर्षी जुलैत बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात शांतिसेनेतल्या डच सैनिकांच्या देखत माणसं वेगळी काढली गेली, आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. 2002 च्या एप्रिलमध्ये चौकशीचा अहवाल आला आणि आठवड्याच्या आत कॉकनी सरकारसह राजीनामा दिला. सात वर्षं उशिरा, आणि निवडणूक महिन्यावर आलेली असताना, हे खरंच. तरी दिला. आपल्याकडे पूल पडला तरी कोण देतं?

इथवर मी त्यांच्या बाजूनं भांडेन. पुढचं नाही. पंतप्रधान असताना कंपन्यांच्या बड्यांनी स्वतःचे पगार फुगवले तेव्हा कॉकनीच त्याला स्वतःची तुंबडी भरण्याचं उघडंवाघडं प्रदर्शन म्हटलं होतं. निवृत्तीनंतर हेच गृहस्थ शेल तेल कंपनी, आयएनजी बँक, केएलएम विमान कंपनी यांच्या देखरेख मंडळांवर जाऊन बसले आणि आयएनजीच्या संचालकांच्या घसघशीत पगारवाढीला मान डोलावली. वासेनारला कामगाराला सबुरी शिकवणारा माणूस! ती सबुरी वरच्या मजल्यावर नव्हती का लागू? 2018 मध्ये ते गेले तेव्हा सगळीकडे "तडजोडीचा महामेरू" वगैरे सुरू होतं. ओपांना विचारलं तर म्हणाले, वासेनारची सही चांगली होती, नंतरच्या सह्या वाचायला मला चष्मा लागत नाही.

तर दादा, राग माझ्यावर नको. कॉकवर टीका करायची तर या पगारवाढीवर करा, ओपांच्या कापलेल्या भत्त्यावर करा, मी पहिला लाइक देईन. संपावरच्या गार्डला कीड म्हणणार असाल तर या बुधवारी ऑफिसला जा, पूर्ण दिवस.