सर्व्हिस चार्ज, टिप आणि वेटरचा खिसा

ताई, हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज काढायला सांगा, असं मी ज्या लेखात लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'अडीचशे रुपयांचा सर्व्हिस चार्ज काढायला लावायचं लोकांना शिकवता, पण तो पैसा वेटरच्या ताटातला असतो,' असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या भावाने बारा वर्षं वेटरचं काम केलंय, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. तरीही त्या चार्जबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

ज्या बिलावरून मी तो लेख लिहिला, त्याचा हिशोब आधी सांगतो. जेवण २,४०० रुपयांचं. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, २४० रुपये. मग या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, १३२ रुपये. एकूण २,७७२. म्हणजे वेटरच्या नावाने घेतलेल्या पैशावर मी सरकारला बारा रुपये करही भरणार होतो! मॅनेजरने फार ताणलं नाही, चार्ज काढून २,५२० चं नवं बिल दिलं. मी दोनशे रुपये बिलाच्या फोल्डरमध्ये बडीशेपेशेजारी ठेवायला गेलो, तर पाण्याचा जग घेऊन उभा असलेला वेटर हळूच म्हणाला, "साहेब, त्यात नका ठेवू, ते काउंटरला जातं." मग त्याच्या हातात दिले. त्याने नोटा दुमडून शर्टाच्या आतल्या खिशात घातल्या.

ताई, माझं म्हणणं एवढंच आहे. चार्ज मालकाच्या खात्यात जमा होतो. पुढे तो पोरांत वाटायचा की नाही, किती वाटायचा, हे मालक ठरवतो आणि आपल्याला ते कधीच दिसत नाही. टिप मात्र ज्याने वाढलं त्याच्या हातात पडते. म्हणून यूपीआयच्या दिवसांतही मी पन्नास-शंभरच्या नोटा जवळ ठेवतो.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं, की हॉटेलाने हा चार्ज आपणहून बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. हॉटेलमालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून या सूचना कायम ठेवल्या. पुढे अपील झालं, ते वेगळं. मॅनेजर ऐकत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिलाचा फोटो तेवढा काढून ठेवावा.

पण तुमचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि तो मूळ लेखात सुटला ही माझी चूक. वाद वेटरशी घालायचा नाही. न मागवलेली पाण्याची बाटली बिलात आली, तर ती भरपाई कधी कधी त्याच्याच पगारातून कापतात, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. अशा वेळी आपण उठून काउंटरवर जावं, मॅनेजरला बिल आणि केओटी, म्हणजे किचनला गेलेली ऑर्डरची चिठ्ठी, ताडून बघायला सांगावं, आणि आवाज खाली ठेवावा. चूक किचनची, काउंटरची, कुणाचीही असू शकते. हे मी आजच लेखात घालतो.

भावाला माझ्या वतीने एक विचाराल का? त्यांच्या हॉटेलात चार्जचे पैसे वाटले जायचे का, आणि भांडी घासणाऱ्यांनाही त्यातलं मिळायचं का? ते जे सांगतील ते, माझ्या म्हणण्याच्या उलट असलं तरी, लेखात जसंच्या तसं छापीन.