टाकाऊतून अधिक टाकाऊ

आमच्या बैठकीतल्या टीपॉयचा एक पाय गेली कित्येक वर्षे पुठ्ठ्याच्या घडीवर उभा होता. घडी सासूबाईंनी घातलेली होती आणि टीपॉय त्यांना त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेला होता, त्यामुळे दोन्ही गोष्टींविषयी घरात कोणी बोलत नसे. मी मात्र एका रात्री चार मिनिटांच्या व्हिडिओत एक कळकट टेबल आरशासारखे चकाकताना पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुठ्ठा समारंभपूर्वक केराच्या टोपलीत टाकला.

तयारी म्हणून थोडे वाचनही केले. ‘अपसायकलिंग’ हा शब्द 1994 साली राइनर पिल्झ या जर्मन अभियंत्याच्या मुलाखतीतून छापून आला. पुनर्वापराच्या नावाखाली धडधाकट विटासुद्धा फोडून टाकतात, यात वस्तूची किंमत खाली येते आणि खरे तर ती वर न्यायला हवी, असे त्याचे म्हणणे होते. हे सारे मी जेवताना घरच्यांना समजावून सांगितले, तेव्हा नवरा एवढेच म्हणाला, “तो विटांबद्दल बोलत होता ना?”

पॉलिश पेपरच्या मागे नंबर छापलेला असतो. नंबर जितका मोठा तितका कागद खरखरीत, असा माझा सरळ समज असल्याने मी 220 नंबरचे डझनभर कागद आणले आणि दोन तास घासल्यावर टीपॉय पूर्वीपेक्षा तुकतुकीत झाला. हिशोब उलटा असतो हे तेव्हा कळले. आधी 80, मग 120 आणि शेवटी हात फिरवायला 220. मग 80 नंबर आणला. घासताना लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासावे, आडवे घासल्यास ओरखडे राहतात, हा नियम मी कसोशीने पाळला आणि लालसर भुसा पडू लागल्याचे पाहून मला कृतकृत्य वाटू लागले. थोड्या वेळाने भुशाचा रंग बदलला. लालसर सागाच्या मधोमध तळहाताएवढा फिकट डाग उमटला होता आणि त्यातल्या रेषा नेमक्या आडव्या धावत होत्या.

ते प्लायवूड होते. वर होते ते व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, जो बहुधा एक मिलिमीटरही जाड नसतो. ज्या टीपॉयची ‘अस्सल सागवान’ म्हणून घरात दोन पिढ्या ओळख करून दिली जात होती, त्याचे खरे कुळ मी भर दुपारी उघडे पाडले होते. सासूबाई आल्या, चष्मा लावून त्यांनी डाग पाहिला, त्यावरून बोट फिरवले आणि “बाबांना फसवलं हो कोणीतरी,” असे म्हणून आत निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

पाय मात्र खरोखर सागाचे निघाले. त्यांना मी जवसाचे तेल लावले. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, कारण वाळताना तेल हवेतला प्राणवायू घेते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. हे वाचल्यापासून मी प्रत्येक चिंधी दोरीवर सुटी सुटी वाळत घातली. त्या चिंध्या नवऱ्याच्या बनियनच्या होत्या आणि त्याला ही गोष्ट दोरीवरूनच समजली.

खरी कसोटी डुगडुगणाऱ्या पायाची होती. जुना वाळलेला गोंद खरवडून काढल्याशिवाय नवा गोंद लाकडाला धरत नाही, म्हणून अर्धा दिवस खरवडण्यात गेला. सांधा आवळायला शिकंजा नव्हता. तेव्हा चारही पायांना दोरी गुंडाळून, तिच्यात लाटणे अडकवून मी पीळ देत गेले. गोंद पक्का व्हायला 24 तास द्यायचे होते, त्यामुळे संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी लाटणे टीपॉयला बांधलेले होते आणि ते सोडू नका, अशी मी हात जोडून विनंती केली. सासूबाईंनी एक रिकामी काचेची बाटली धुतली, पुसली आणि तिनेच लाटले. मला व्हिडिओतले काहीतरी आठवून बरेच बोलायचे होते, पण त्या वेळी मी जेवले.

वरच्या डागावर लांबी भरली, ती घासली, प्राइमर मारला, तो वाळू दिला आणि निळ्या रंगाचे दोन हात दिले. हे एका वाक्यात मावले असले तरी त्यात तीन रविवार गेले. एवढ्या काळात बाल्कनीत रंगाचे दोन डबे, टर्पेंटाइनची बाटली, वाळून काठीसारखे झालेले तीन ब्रश आणि अकरा चिंध्या असा नवाच संसार उभा राहिला, ज्याला ठेवायला घरात एखादा जुना टीपॉय असता तर बरे झाले असते.

चौथ्या रविवारी टीपॉय बैठकीत आणला. निळा रंग खुलून दिसत होता. नवऱ्याने चहाचा कप ठेवला आणि चहा बशीत उतरला. पीळ देताना सांगाडा किंचित वाकडा आवळला गेला होता आणि गोंदाने तो वाकडेपणा इमानाने जपला होता. पूर्वी एकच पाय अधांतरी होता. आता तोच पाय टेकला होता आणि त्याच्या समोरचा अधांतरी झाला होता.

पुठ्ठा तर केव्हाच कचऱ्यात गेला होता. सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, “अगं, तुझा तो मऊ कागद आण बघू, ढीगभर उरलाय ना?” 220 नंबरच्या कोऱ्या कागदाच्या त्यांनी चार घड्या घातल्या, खरखरीत बाजू फरशीकडे केली आणि पायाखाली सरकवल्या. टीपॉय हलवून पाहिला, तर तो जागचा हलेना.

“हा पुठ्ठ्यासारखा सरकणारही नाही,” त्या म्हणाल्या आणि कप सरळ करून ठेवला.