छत नसलेल्यांचं सोलर

नागपूरच्या उन्हाची महती नागपूरकराला कोणी सांगू नये. मे महिन्यात पारा 45च्या वर, कूलर दिवसरात्र सुरू, आणि बिल हाती आलं की वेगळाच घाम. म्हणून प्रधानमंत्री सूर्यघर योजना 2024 मध्ये आली तशी इकडे लोकांनी भराभर पॅनेल बसवले. रूफटॉप सोलरमध्ये आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी मिळते म्हटल्यावर कोण सोडेल?

पण ज्याच्या डोक्यावर स्वतःचा स्लॅब नाही त्याचं काय? मानेवाड्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहणारा, टिनाच्या घरातला, चौथ्या माळ्यावरचा फ्लॅटवाला? सोसायट्यांना किलोवॅटमागे 18,000 मिळतात, तेही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी. घरातल्या कूलरचं बिल जिथल्या तिथे.

दुसरा मुद्दा रोजगाराचा. या योजनेतून 17 लाख रोजगार होतील असा सरकारचा अंदाज आहे. होतीलही. मात्र 3 किलोवॅटच्या छतावर काम किती, तर स्ट्रक्चर ठोका, पॅनेल चढवा, इन्व्हर्टर-अर्थिंग जोडा. दोन दिवसांत पोरं पुढच्या छतावर. पॅनेलची वॉरंटी मात्र 25 वर्षांची! आमच्या शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर बंद पडला ते त्यांना बिल आल्यावर कळलं. वेंडर फोन उचलेना. खरं काम इथेच आहे, आणि त्याला माणूस नाही. आयटीआय झालेल्या पोरांसाठी ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण 2015 पासून आहे, पण शिकून पोरगं जातं कुठे? कुठल्यातरी ठेकेदाराकडे, रोजीवर.

मला वाटतं, सोलर प्लांट अख्ख्या लेआउटच्या, म्हणजे वस्तीच्या मालकीचा हवा. शाळेच्या किंवा समाजभवनाच्या छतावर 100 किलोवॅट बसवा. त्याला साधारण 10,000 चौरस फूट लागतात आणि दिवसाला सरासरी 400 युनिट निघतात. 100 घरांत वाटले तर घरटी महिन्याला 120 युनिट. एका प्लांटची वीज अनेकांच्या बिलांत वळती करण्याची सोय दिल्लीनं 2019 मध्येच केली. माझ्या ओळखीत नागपुरात अशी वीज घेणारं एकही घर नाही.

आता हिशेब. घरटी 150 रुपये देखभालीला काढले तर महिन्याला 15,000 जमतात. म्हणजे एका पोराचा पगार, तोही फार मोठा नाही. दर पंधरवड्याला काचा धुणं (सकाळी लवकर, तापल्या काचेवर गार पाणी मारायचं नसतं), अर्थिंग तपासणं, युनिटची नोंद ठेवणं, गारपीट झाली की वर चढून पाहणं. 100 किलोवॅटमागे एक नोकरी, बस. लाखांची स्वप्नं मी दाखवत नाही. पण ती नोकरी आपल्या लेआउटमधली असेल आणि पोराला पुण्याची गाडी धरावी लागणार नाही.

नागपूरजवळच्या कोराडीत कोळशावर वीज करणारे 1,980 मेगावॅटचे संच उभे आहेत, आणखी 2 संचांचं घाटतंय. राख आपली, वीज साऱ्या राज्याची. तिथे गावच्या पोरांना ठेक्यावर किती दिवस काम मिळतं, ते कोराडी-खापरखेड्याच्या लोकांनाच विचारा.

सहकार म्हटलं की लोक हसतात, ठाऊक आहे. श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा वीज संस्था थकबाकीत रुतली आणि 2011 मध्ये तिचा परवाना संपला. पण ती तालुकेच्या तालुके सांभाळत होती, वीज विकत घेऊन वाटत होती. आपण 100 घरांचं बोलतोय, तेही वाटा आधी भरून. गुजरातेत धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज ग्रिडला विकली. सुरुवातीला सहाच जण होते.

आमच्या समाजभवनाचं छत मोठं आहे, पण बांधकाम जुनं. पॅनेलचं वजन आणि वादळवारा ते पेलेल का, हे आधी तपासून घ्यायचंय. कोणाच्या ओळखीत वाजवी पैशात काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर असेल तर सांगा.