टॉप मॉडेलचा घोळ आणि माझी एक कबुली

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा सकाळी चहा घेताना वाचली, तेव्हा लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुम्ही मला नेमकं धरलंय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत जुनी माझ्दा मियाटा, म्हणजे दोन सीटची उघड्या छपराची छोटी स्पोर्ट्स कार, घेणाऱ्यांसाठी मी लिहिलं होतं, त्यात २०१६पासूनच्या, म्हणजे 'एनडी' पिढीतल्या गाड्यांपैकी 'ग्रँड टूरिंग' ही ट्रिम, म्हणजे मॉडेल, घ्या असं सुचवलं होतं. डॅलसच्या या वाचकांचे आक्षेप तीन आहेत. ग्रँड टूरिंगमध्ये 'क्लब' या दुसऱ्या ट्रिममधलं सगळं असतं हे माझं वाक्य खोटं आहे. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (वळणात एकच चाक भिरभिरू न देणारा मागचा भाग) नसलेली मियाटा ही स्पोर्ट्स कार नव्हे, मॉलला जायची गाडी आहे. आणि मी स्वतः ग्रँड टूरिंग घेऊन बसलोय, म्हणून तिची भलामण करतोय. शेवटी त्यांनी मेहुण्यासाठी एक प्रश्नही विचारलाय. आधी इतकं झोडपून मग सल्ला मागायचा, हे मला फार आवडलं. घरचं माणूस असल्याशिवाय असं कोणी करत नाही.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. ते वाक्य चुकीचं होतं. २०१६ ते २०१८च्या ग्रँड टूरिंगमध्ये लिमिटेड स्लिप नाही, बिलश्टाइनचे शॉक अॅब्सॉर्बर नाहीत, बॉनेटखाली दोन्ही शॉक टॉवरना (शॉक अॅब्सॉर्बर वर जिथे बसतात ते भाग) जोडणारी पट्टीही नाही. या तिन्ही गोष्टी क्लबमध्ये मिळायच्या. २०१९पासून मॅन्युअल ग्रँड टूरिंगवर 'जीटी-एस' नावाचं पॅकेज आलं आणि त्यात त्या मिळू लागल्या. मी ज्या गाडीत बसून लिहित होतो ती जीटी-एस आहे. माझ्या गाडीत आहे म्हणजे सगळ्यांच्यात असणार, असं मी गृहीत धरलं. माझ्या भरवशावर कोणी २०१७ची ग्रँड टूरिंग 'लिमिटेड स्लिपवाली' समजून घेतली असेल, तर त्याची मी माफी मागतो.

पण ही चूक माझ्याकडून का झाली, याचा विचार करताना दुसरंच काही सापडलं. आपल्याकडे गाडी घेतली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, "टॉप मॉडेल आहे का?" मारुतीच्या शोरूममधून ही सवय आपल्या हाडात भिनलेली आहे. खालच्या पायरीवर बेस, तिला साधे रिम आणि हाताने फिरवायच्या काचा. एकेक पायरी चढत जायचं, वरच्या पायरीवर खालचं सगळं असतंच, शिवाय थोडं जास्त. तीच शिडी मी मियाटाला लावली. स्पोर्ट, त्यावर क्लब, त्यावर ग्रँड टूरिंग. किमतीचा क्रम तसाच आहे, त्यामुळे फसायला होतं. प्रत्यक्षात ती शिडी नाही, फाटा आहे. स्पोर्टपासून एक रस्ता क्लबकडे जातो, तिथे पैसे गाडीच्या खालच्या अंगात घातलेत. दुसरा ग्रँड टूरिंगकडे जातो, तिथे चामडी गरम सीट, ऑटोमॅटिक एसी आणि वळणाबरोबर वळणारे हेडलाइट. दोन्ही रस्त्यांवर एकदम चालता येण्याची सोय २०१९पर्यंत नव्हती.

आता जरा तुमच्या वाक्यालाही हात घालतो. "क्लब म्हणजे लिमिटेड स्लिप, विषय संपला," असं तुम्ही लिहिलंय. संपत नाही. क्लब ऑटोमॅटिक असेल तर तिच्यात लिमिटेड स्लिप नसतं, बिलश्टाइनही नसतात. ऑटोमॅटिक मियाटा कोण घेतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. पण अशा गाड्या बाजारात आहेत, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'क्लब' असंच लिहिलेलं असतं.

दुसरा आक्षेप जरा खोलात जाऊन बघू, कारण खरी मजा तिथेच आहे. साधं डिफरन्शियल मागच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, आतलं चाक हलकं होतं, त्याची जमिनीवरची पकड सुटते आणि ते भिरभिरायला लागतं. ते जितका जोर पेलेल तितकाच बाहेरच्या चाकालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. वळणातून बाहेर पडताना तुम्ही पेडल दाबताय आणि गाडी नुसती फुरफुरतेय. लिमिटेड स्लिप या भिरभिरण्याला लगाम घालतं आणि पकड असलेल्या चाकाकडे जोर वळवतं. एनडीची साधी सस्पेन्शन मऊ आहे, वळणात ती चांगलीच झुकते, त्यामुळे हा फरक आणखी जाणवतो. पार्किंग लॉटमध्ये शंकू मांडून तुम्ही ऑटोक्रॉस करता, तिथे सगळा खेळ दुसऱ्या गिअरमध्ये, अरुंद वळणांवर चालतो. तिथे क्लबला पर्याय नाही. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

पण माझे बहुतेक वाचक ऑटोक्रॉस करत नाहीत. ते न्यू जर्सीतून पोकोनोजच्या डोंगरात जातात, सुट्टीत व्हर्जिनियाच्या स्कायलाइन ड्राइव्हवर जातात. १०५ मैलांचा तो रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो, सुंदर आहे, आणि तिथली वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे. समोर मोटरहोम, मागे पार्क रेंजर, आणि मधूनच रस्त्यात हरीण. त्या वेगात आतल्या चाकाची पकड सुटायची वेळच येत नाही. ती येते पावसात, सिग्नलवरून चटकन उजवीकडे वळताना, आणि तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू लागलं की जोर कमी करणारी यंत्रणा, मध्ये पडतं. खेळ तिथेच आटोपतो.

आणि 'लिमिटेड स्लिप नाही म्हणजे स्पोर्ट्स कार नाही' हे म्हणण्याआधी जपानकडे बघा. तिथे हीच गाडी 'रोडस्टर' नावाने विकली जाते, आणि कापडी छपराच्या नेहमीच्या गाडीला १.५ लिटरचं इंजिन मिळतं. तिचा सगळ्यात स्वस्त ग्रेड 'एस'. त्यात लिमिटेड स्लिप नाही, वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा मागचा स्टॅबिलायझर बारही नाही. सुरुवातीला तिचं वजन ९९० किलो होतं. माझ्दाने याच ग्रेडवरून पुढे '९९० एस' काढली, हलकी चाकं आणि ब्रेम्बोचे ब्रेक घालून, पण लिमिटेड स्लिप न घालता. घोडा आणि स्वार एक व्हावेत हे ज्यांच्या डिझाइनचं घोषवाक्य, त्यांनीच आपल्या सर्वांत हलक्या रोडस्टरमधून हा भाग वगळला. मऊ सस्पेन्शनवर वजन इकडून तिकडे सरकतं ते त्यांना चालकाला जाणवू द्यायचं आहे. घट्ट मांड ठोकून बसणं वेगळं आणि घोड्याची चाल अंगात भिनवून घेणं वेगळं. दोन्ही घोडेस्वारीच.

तिसरा आक्षेप. हो, माझ्याकडे ग्रँड टूरिंगच आहे, पण मी ती शोधत नव्हतो. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी क्लबच शोधत होतो, अगदी तुमच्याच कारणांसाठी. एकूण सात गाड्या पाहिल्या. चार क्लब म्हणून विकायला होत्या. दोघींची सस्पेन्शन काढून दुसरंच काही बसवलेलं, म्हणजे ज्या बिलश्टाइनसाठी जास्त पैसे मोजायचे ते कुठल्या तरी गराजच्या कोपऱ्यात. एकीचे मागचे टायर कडांना झिजून गुळगुळीत झालेले, आणि मालक म्हणे, "फक्त रविवारी चालवतो." रविवारी काय चालवतो ते टायर सांगत होते. चौथी तर क्लब नव्हतीच. एका डीलरने पुढच्या बंपरखाली काळी पट्टी आणि डिकीवर काळा स्पॉइलर बघून तिला क्लब ठरवलं होतं. ते दोन्ही भाग वेगळे विकत मिळतात. बॉनेट उघडलं तर शॉक टॉवरमधली पट्टी गायब. हे त्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "सर, ट्रिम काय, नावापुरतं असतं." किंमत मात्र नावाप्रमाणेच लावली होती.

शेवटी एका निवृत्त गृहस्थांकडे ही २०१९ची जीटी-एस मिळाली. हिवाळ्यात गाडी झाकलेली, बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर कधी नेलेली नाही, प्रत्येक ऑइल चेंजची पावती फाइलमध्ये. नोव्हेंबरच्या थंडीत छप्पर उघडं टाकून, पाठीला गरम सीट लावून जाण्यातली चैन अनुभवल्यावर मी पक्षपाती झालो असेन. नाकारत नाही.

पण आता परत लिहायचं तर मी ट्रिमपासून सुरुवातच करणार नाही. आधी साल. २०१९मध्ये दोन लिटरचं इंजिन बदललं. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके झाले, इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला ६८०० वरून ७५०० वर गेली, आणि अश्वशक्ती १५५ वरून १८१ झाली. साधारण १०६० किलोच्या गाडीला २६ अश्वशक्ती म्हणजे थोडीथोडकी वाढ नाही. जुनं इंजिन ६००० नंतर दमायचं, नवं तिथून गायला लागतं. त्याच वर्षी स्टिअरिंग पुढेमागे सरकवायची सोय आली. माझ्यासारख्या पाच फूट अकरा इंच माणसाच्या गुडघ्यांना विचारा, ही सोय किती मोठी ते. सुरुवातीच्या गाड्यांच्या गिअरबॉक्सबद्दलही बऱ्याच तक्रारी होत्या, आणि माझ्दाने आतले भाग पुढे सुधारले. २०१६ किंवा २०१७ची घेत असाल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये कान लावून चालवा आणि गिअरबॉक्स कधी बदलला असल्यास त्याचे कागद मागा.

लिमिटेड स्लिप आहे की नाही हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका, चाकाला विचारा. गाडी मेकॅनिककडे न्या, लिफ्टवर चढवून मागची दोन्ही चाकं अधांतरी करा, न्यूट्रल ठेवा, हँडब्रेक सोडा. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधं डिफरन्शियल, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप. एका मिनिटाचं काम.

आता मेहुण्याचा प्रश्न. ह्यूस्टनमध्ये त्याला जवळपास एकाच किमतीत दोन गाड्या मिळतायत: २०१७ची क्लब, मॅन्युअल, ब्रेम्बो पॅकेजवाली; आणि २०१९ची ग्रँड टूरिंग, मॅन्युअल, पण जीटी-एस नसलेली. तुमचं मत क्लब. रोज पाऊण तास फ्रीवेवर जायचं आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि तो सहा फुटांच्या वर आहे असंही.

मी २०१९ची घेईन. शॉक अॅब्सॉर्बर त्याला पुढे कधीही बदलता येतील, बिलश्टाइनचेच घेता येतील. मागचं डिफरन्शियल बदलणं महाग आहे, पण होतं. इंजिन आणि स्टिअरिंग कॉलम मात्र कोणी बदलत बसत नाही. चामडी सीट ह्यूस्टनच्या उन्हात भाजेल हे खरं, तिथे टॉवेल टाका. फक्त तो तुमच्याबरोबर दर महिन्याला शंकूंमध्ये उतरणार असेल, तर तुमचं बरोबर आणि माझं चूक. मग क्लबच घ्या, गिअरबॉक्सचे कागद तेवढे बघा. आणि काहीही ठरवण्याआधी त्याला क्लबमध्ये छप्पर लावून अर्धा तास बसवा, स्टिअरिंग हातात देऊन. गुडघे कुठे लागतात ते तो स्वतःच सांगेल.

मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय. खाली तुमचे आभारही लिहिलेत.